कुलूप कोणाला हवे होते?

हैदराबादच्या सुलतान बाजाराला १९३३ पर्यंत हे नाव नव्हते. ब्रिटिश रेसिडेंटच्या कोठीभोवती वसलेला हा भाग रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जेम्स किर्कपॅट्रिकने बांधलेली ती इमारत आजही उभी आहे आणि तिच्यामुळेच सगळा परिसर 'कोठी' म्हणून ओळखला जातो. निजामाच्या राजधानीत असूनही या बाजारात निजामाचा अंमल नव्हता, कारभार रेसिडेंटच्या हाती होता. निजामी हद्दीत ज्याला परवानगी मिळणे कठीण, ते इथे रुजले. १८९२ मध्ये आर्य समाज आला. १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय सुरू झाले. पुढे जवळच्याच इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहिले. मग १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. पण बाहेरचा माल आणि बाहेरचा विचार आधी इथे यायचा, ही रीत मात्र टिकली.

त्या रीतीचा विसाव्या शतकातला वारसा गुजराती गल्लीकडे आला. कोठीच्या या चिंचोळ्या गल्लीत रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, वायरी, रिमोट, कोऱ्या कॅसेट आणि पुढे कोऱ्या सीडी असा माल ठोक आणि किरकोळ विकला गेला. नक्कल करणारी यंत्रे आणि नक्कल उतरवून घेण्याची कोरी साधने इथे शेजारी-शेजारी मिळत आली आहेत. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना नक्कल थांबवणारे कुलूप मनापासून हवे असते का, या प्रश्नावर जगभर पुष्कळ वाद झाले आहेत. गल्लीतल्या दुकानांच्या फळ्यांवर वेळोवेळी जी यंत्रे आली आणि गेली, त्यांचा इतिहास पाहिला तर उत्तर बरेच स्पष्ट होते.

सुरुवात कॅसेटपासून. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही छोटी टेप भारतात घरोघरी पोचली ती मुख्यतः सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून. हैदराबादला ती थोडी आधी आणि थोडी जास्त मिळाली, कारण इथली हजारो माणसे आखाती देशांत कामाला होती आणि सुट्टीवर येताना सामानात टू-इन-वन घेऊन येत. या कॅसेटची रचना जवळून पाहण्यासारखी होती. ज्या कडेला टेप उघडी दिसे, तिच्या विरुद्ध कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकची एकेक छोटी टिकली असे. ती मोडली की तिथे खाच पडे. रेकॉर्डरमधली बारीक पट्टी त्या खाचेत शिरे आणि रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नसे. विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटच्या टिकल्या कारखान्यातूनच काढलेल्या असत. खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की त्याच कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग करता येई. कॅसेटवरचे कुलूप एवढेच, आणि तेही नक्कल अडवणारे नव्हते. आपले रेकॉर्डिंग चुकून पुसले जाऊ नये म्हणून ते होते आणि त्याची किल्ली ज्याची कॅसेट त्याच्याच हातात होती. पुढच्या काळातली कुलपे नेमकी इथेच वेगळी पडली.

यंत्रांचे कारखाने तर नक्कल सोपी करण्याच्या शर्यतीत होते. दोन कॅसेट शेजारी-शेजारी बसवायचा डबल डेक आला. त्यावर दुप्पट वेगाने उतरवून घेण्याचे बटण आले आणि जाहिरातीत त्या बटणाची तारीफ होऊ लागली. इंग्लंडमध्ये अ‍ॅमस्ट्रॅड या कंपनीला अशाच यंत्रासाठी रेकॉर्ड कंपन्यांनी कोर्टात खेचले. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल अ‍ॅमस्ट्रॅडच्या बाजूने दिला. यंत्राने काय करायचे हे विकत घेणारा ठरवतो, विकणारा नव्हे, असा त्याचा आशय होता.

भारतात याच काळात गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सीरीज वाढली. ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्हीची मक्तेदारी मोडून तिने कॅसेट किराणा दुकानापर्यंत नेली. ही कंपनी गाण्यांबरोबर कोऱ्या कॅसेटही विकत होती, हे विसरून चालणार नाही. आवडीच्या गाण्यांची यादी घेऊन जायचे आणि दुकानदाराकडून कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवून घ्यायची, हा व्यवहार त्या काळात देशभर चाले. ज्या कारखान्यातून कोरी टेप बाहेर पडे त्याला या व्यवहाराचे दुःख होण्याचे काही कारण नव्हते. संसदेने १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त केला, शिक्षा वाढवल्या, कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक केले. सगळा भार लेबलावर आणि पोलिसांवर पडला. यंत्राला कुणी हात लावला नाही.

व्हिडिओची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिच्यात एकाच कंपनीच्या दोन बाजू दिसतात. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने भारतात रंगीत टीव्ही आला आणि व्हीसीआर दिसू लागले. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी सोनीच्या बीटामॅक्सविरुद्ध चालवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात होता. टीव्हीवरचा कार्यक्रम घरी उतरवून घेणे ही चोरी आहे आणि ते यंत्र विकणारा त्यात भागीदार आहे, असे स्टुडिओंचे म्हणणे होते. सोनी शेवटपर्यंत लढली. १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ती जिंकली. घरी उतरवून घेणाऱ्या माणसाचा हक्क ज्या निकालाने पक्का केला, तो सोनीच्या खर्चाने मिळाला होता.

चार वर्षांनी, १९८८ मध्ये, सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली आणि १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स. आता यंत्रेही सोनीची, गाणीही सोनीची आणि चित्रपटही सोनीचे. त्यानंतरच्या सोनीची वागणूक पाहा. तिने आणि इतरांनी बाजारात आणलेल्या डिजिटल ऑडिओ टेपला अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांनी अडवून धरले. १९९२ च्या कायद्याने तोडगा निघाला तो असा की मूळ प्रतीवरून एक नक्कल चालेल, नकलेवरून नक्कल यंत्रच होऊ देणार नाही. पुढे एमपी३ चे दिवस आले तेव्हा ज्या कंपनीने जगाला वॉकमन दिला, तिचा डिजिटल वॉकमन बरीच वर्षे थेट एमपी३ वाजवतच नव्हता. सोनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये गाणी बदलून घ्यावी लागत. तोवर आयपॉडने बाजार नेला होता. गाण्यांच्या हक्कांची चिंता आपल्या यंत्रांच्या आड आली, हे सोनीचेच वरिष्ठ अधिकारी केन कुतारागी यांनी २००५ च्या जानेवारीत जाहीरपणे मान्य केले.

त्याच वर्षी त्याहून वाईट घडले. सोनी बीएमजी या सोनीच्याच भागीदारीतल्या रेकॉर्ड कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्या की न सांगता एक प्रोग्राम शिरे आणि स्वतःला लपवून बसे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी तो उघडकीला आणला. इतर घातक प्रोग्रामही त्याच आडोशाला लपू शकत होते. सीडी परत घ्याव्या लागल्या, खटले झाले. पैसे देऊन अस्सल सीडी घेणाऱ्याच्या संगणकाला धोका होता. चोरून उतरवलेले गाणे ऐकणाऱ्याला तो नव्हता. प्रामाणिक गिऱ्हाइकाशी असे वागणे अक्षम्य होते.

फिलिप्सने मात्र वेगळी भूमिका घेतली. सीडीच्या ठरलेल्या रचनेत फेरफार करून कुलूप घातलेल्या तबकडीवर सीडीचा अधिकृत शिक्का लावता येणार नाही, असे तिने २००२ मध्ये बजावले. फिलिप्सकडे तेव्हा जपायला रेकॉर्ड कंपनी उरली नव्हती, पॉलिग्रॅम तिने १९९८ मध्ये विकून टाकली होती. २००२ मध्येच सोनीचे एक सीडी-कुलूप साध्या मार्कर पेनने तबकडीच्या बाहेरच्या कडेवर रेघ ओढून निकामी करता येते, असे लोकांनी शोधून काढले.

गुजराती गल्लीत या साऱ्याचा परिणाम कसा दिसला? व्हीसीआरनंतर भारतात डीव्हीडीच्या आधी व्हीसीडी रुजली, आणि व्हीसीडीवर कसलेही कुलूप नव्हते. १९९३ मध्ये तिचे मानक ठरवणाऱ्या कंपन्यांत सोनी आणि फिलिप्स दोघीही होत्या. हॉलिवूडने तिच्याकडे कधी फारसे लक्ष दिले नाही, पण आशियात ती घरोघरी गेली. मग डीव्हीडी आली ती दोन कुलपांसह. एक नक्कल अडवणारे, दुसरे प्रदेशाचे. भारत प्रदेश क्रमांक पाचमध्ये, अमेरिका एकमध्ये. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेली अस्सल डीव्हीडी इथल्या अस्सल प्लेअरवर चालत नसे. पहिले कुलूप १९९९ मध्ये योन योहान्सन या नॉर्वेच्या पोराने आणि त्याच्या जोडीदारांनी उघडले. दुसरे खुद्द प्लेअर बनवणाऱ्यांनीच सैल ठेवले होते. रिमोटवरून ठराविक आकडे दाबले की अनेक स्वस्त प्लेअर सर्व प्रदेशांच्या तबकड्या वाजवू लागत. 'सगळं चालतं' ही प्लेअरची सर्वांत मोठी खूण ठरली. यूएसबीची खाच आली तेव्हा पेन ड्राइव्ह चालतो का, हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न झाला. परवान्यावर सही करताना कंपनी कुलपाची हमी देते आणि कारखान्यात ते कुलूप सैल बसवते, हे इथे वर्षानुवर्षे दिसत होते.

या कहाणीतले सर्वांत शिकण्याजोगे पान मोझर बेअरचे आहे. १९८३ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही कंपनी पुढे कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक झाली. जगभर जी चोरटी तबकडी विकली जाई, तिच्यातला कच्चा माल अशाच कारखान्यांतला. २००७ मध्ये मोझर बेअर चित्रपटांच्या हक्कांत उतरली. अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना. तोवर अस्सल तबकडीला शेकड्यांत पैसे मोजावे लागत. हिंदी, तेलुगू, तमिळ, मराठी असे अनेक भाषांतले चित्रपट या किमतीला आले आणि पदपथावरच्या चोरट्या तबकडीचा किमतीचा फायदाच संपला. तबकडी स्वतः बनवत असल्यामुळे कंपनीला तिचा खरा खर्च ठाऊक होता, आणि चोरट्या बाजाराची किंमत त्या खर्चाच्या किती वर आहे हेही ठाऊक होते. कुलपावर पैसा घालवण्याऐवजी तिने किंमत पाडली. चोरीविरुद्ध भारतात झालेल्या उपायांत इतका थेट उपाय दुसरा क्वचितच सापडेल. पुढे तबकडीचाच काळ सरला, कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. तिला संपवले ते इंटरनेटने आणि कर्जाने.

कुलपाने किती थांबवले असते, याचा अंदाज 'अत्तारिंटिकी दारेदी'वरून येतो. पवन कल्याणच्या या तेलुगू चित्रपटाचा दीडेक तासाचा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये प्रदर्शनाआधीच फुटला आणि आंध्रातल्या पेडना गावी त्याच्या तबकड्या विकल्या गेल्या. तपास पोहोचला तो चित्रपटाच्या निर्मितीशी जोडलेल्या आतल्या माणसांपर्यंत. कोणत्याही प्लेअरमधले कुलूप तिथे आडवे येऊ शकले नसते.

मग कंपन्यांना कुलूप नकोच असते का? असेही नाही. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये संगणकाच्या हौशी मंडळींना उघड पत्र लिहून सॉफ्टवेअरच्या नकला करणाऱ्यांना चोर ठरवले. पंचवीस वर्षांनी, २००१ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला अ‍ॅक्टिव्हेशनचे कुलूप घातले. मराठी माणसाने असे कुलूप आधीच पाहिले होते. नव्वदच्या दशकात पुण्याची श्री-लिपी आणि सी-डॅक या सरकारी संस्थेची मराठी सॉफ्टवेअरे संगणकाच्या मागे लावायच्या डोंगलसह येत. डोंगल नसेल तर सॉफ्टवेअर चालत नसे. शिवाय प्रत्येकाची अक्षरे साठवण्याची रीत निराळी, म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की चिन्हांची खिचडी होई. या सॉफ्टवेअरांच्या विक्रेत्यांचा हा माल यंत्र नव्हता, नक्कल करता येईल अशी वस्तू होती. त्यांना कुलूप मनापासून हवे होते आणि त्यांची अडचण खरी होती. पण त्याची किंमत मराठी मजकुराने चुकवली. युनिकोडपूर्व काळातल्या किती पुस्तकांच्या फायली आज उघडत नाहीत, हे प्रकाशकांना विचारावे.

प्रत्येक कंपनीला कुलूप हवे असते ते स्वतःच्या मालावर. दुसऱ्याच्या मालावरचे कुलूप तिला धंद्यातला अडथळा वाटतो. २८ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे हे समोरासमोर आले. प्रत्येक डिजिटल यंत्रात कुलूप सक्तीचे करावे, ही स्टुडिओंची मागणी. डिस्नेचे मायकेल आयस्नर यांनी गाणी उतरवून स्वतःची सीडी बनवा असे सुचवणाऱ्या अ‍ॅपलच्या 'रिप, मिक्स, बर्न' या जाहिरातीवर बोट ठेवले. इंटेलचे लेस्ली वाडाझ सक्तीविरुद्ध बोलले. पण याच इंटेलने एचडीएमआयच्या तारेतून जाणाऱ्या चित्राला कुलूप घालणारे एचडीसीपी तयार केले होते. सक्ती नको, मात्र परवाना आपल्या हाती असावा, हा त्या भूमिकेचा अर्थ.

अ‍ॅपलने यापुढची पायरी गाठली. २८ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या आयट्यून्स दुकानातली गाणी रेकॉर्ड कंपन्यांच्या आग्रहामुळे कुलूपबंद होती. पण ते कुलूप अ‍ॅपलचे आयट्यून्स आणि आयपॉड सोडून जवळपास कुठेच उघडत नसे. ज्याने शंभर गाणी घेतली तो पुढचा प्लेअरही आयपॉडच घेणार. ६ फेब्रुवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्रात लिहिले की सरासरी आयपॉडवर कुलूपबंद गाणी ३ टक्क्यांहून कमी असतात. मागच्या वर्षी २ अब्जांहून कमी गाणी कुलपासह विकली गेली, तर २० अब्जांहून अधिक सीडीवर बिनकुलपाची, मग हा खटाटोप कशाला, असा त्यांचा सवाल होता. २००९ पर्यंत आयट्यून्सवरची गाणी मोकळी झाली. दुकानातले चित्रपट मात्र कुलूपबंदच राहिले. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचे कुलूप कंपन्यांना आवडू लागले होते, नक्कल अडली काय अन् न अडली काय. गूगलने २०१० मध्ये वाइडवाइन ही कुलपाची कंपनीच विकत घेतली. वाइडवाइनची वरची पायरी फोनमध्ये नसेल तर नेटफ्लिक्सवर रीतसर पैसे भरूनही चित्र धूसर दिसते. भारतात खूप खपलेल्या वनप्लस ५ च्या मालकांना हा अनुभव आला.

सारेगामा, म्हणजे जुनी एचएमव्ही, २०१७ मध्ये उलट्या दिशेने आली. गाण्यांची कंपनी यंत्र विकू लागली. कारवाँ या पेटीत हजारो जुनी गाणी भरलेली, तिची मराठी आवृत्तीही निघाली. ही गाणी पेटीतून बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची सोय नाही. पण पेटीला यूएसबीची खाच आहे आणि तिच्यात कुठलाही पेन ड्राइव्ह चालतो. कॅसेटच्या नकलांनी वर्षानुवर्षे बेजार झालेल्या कंपनीलाही, यंत्र विकायचे म्हटल्यावर, ती खाच द्यावी लागली.

गाण्यांचे एक वेळ निभावेल. पुस्तकांची काळजी जास्त आहे. कोठीच्या पदपथावर जुनी पुस्तके विकली जातात, ती विकण्याचा हक्क विकत घेणाऱ्याला कायद्याने आहे. मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तक घरी नेता येते. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके आली, पण कुलूपबंद ई-पुस्तक जुन्या बाजारात विकता येत नाही आणि ग्रंथालयाला आपल्या कपाटात ठेवता येत नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तके लोकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली.

आपला कायदा याबाबत अमेरिकेपेक्षा समंजस आहे. २०१२ च्या दुरुस्तीतल्या कलम ६५अ नुसार कुलूप तोडणे हा गुन्हा ठरतो तो हक्कभंगाच्या हेतूने तोडले तर. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडायला मुभा आहे. पण मुभा असणे वेगळे आणि किल्ली हातात असणे वेगळे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजींचे १९५० मध्ये निधन झाले आणि २०११ च्या पहिल्या दिवसापासून त्यांचे लेखन सर्वांचे झाले. कुलपाला अशी मुदत नाही. हयात लेखकाचे आज विकले जाणारे मराठी ई-पुस्तक साठहून अधिक वर्षांनी सर्वांचे होईल, तेव्हा ते उघडणारी कंपनी असेल का, याची हमी कोणताही करार देत नाही. छापील पुस्तकाच्या प्रती १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ग्रंथालये अशा चार ठिकाणी द्याव्याच लागतात. ई-पुस्तकाची एक बिनकुलपाची प्रत याच रीतीने जमा करून घेतली, तर प्रकाशकाचा आजचा एकही ग्राहक कमी होणार नाही. मराठी प्रकाशकांनी कायद्याची वाट न पाहता हे स्वतःहून सुरू करावे. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांबरोबर इसामिया बाजारातल्या संग्रहालयाचे नावही त्या यादीत असावे.